‘स्मृतिचित्रे’ : भय, विटाळ आणि धीर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठी समीक्षेत इतके एकमत आढळते, की त्या एकमताचीच एकदा तपासणी व्हावी. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या आणि अखेरचा भाग लेखिकेच्या निधनानंतर वाचकांपुढे आलेल्या या आत्मकथनाची थोरवी कोणी नाकारलेली नाही. भाषेचा सहजपणा, विनोदाची निर्मळता, निवेदनातील प्रांजळपणा आणि कोणाविषयीही कटुता न बाळगण्याची वृत्ती, हे चार गुण जवळजवळ प्रत्येक विवेचनात येतात. ते खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु या चारही गुणांचा रोख एकाच दिशेने आहे. लेखिका साधी होती, भोळी होती, तिला जे आठवले ते तिने सांगितले आणि सांगता सांगता एक थोर पुस्तक तिच्या हातून घडून गेले, असा या स्तुतीचा मथितार्थ निघतो. पुस्तकाचा गौरव होतो. पण त्यामागे काही विचार होता, हे मात्र स्तुतीच्या ओघात विसरले जाते.

या विस्मृतीची किंमत लहान नाही. ‘स्मृतिचित्रे’ ही एका भयंकर स्थित्यंतराची कहाणी आहे. सनातनी ब्राह्मण घरात वाढलेल्या, लौकिक अर्थाने निरक्षर म्हणावी अशा एका स्त्रीचा पती १८९५ साली ख्रिस्ती होतो. तिच्या पायाखालची जमीन जाते. पुढे पाच वर्षांनी ती स्वतःही त्याच मार्गाला येते आणि उरलेले आयुष्य ज्या लोकांत काढते, त्यांच्या सावलीलाही ती लहानपणी भ्याली असती. अशा उलथापालथीत माणूस मोडत नाही, उलट अधिक मोठा होतो, हे कसे घडते? ‘स्मृतिचित्रे’ या प्रश्नाचे उत्तर देते. लेखिकेला भोळी ठरविले की ते उत्तर ऐकू येईनासे होते. मग उरते ती दोन ठरीव उत्तरे. पहिले असे, की पतीवरील निष्ठेने तिला तारले. दुसरे असे, की तिचा स्वभावच मुळी आनंदी होता. पुस्तक बारकाईने वाचले तर ही दोन्ही अपुरी आहेत, असे दिसून येते.

पुस्तकाचा आरंभच या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. त्यांच्या जन्माआधी, १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत, त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. या घटनेचा धसका त्यांच्या वडिलांनी, म्हणजे फाशी गेलेल्या गृहस्थांच्या जावयाने, घेतला. त्या धसक्यातून त्यांच्या ठायी सोवळ्याचे विलक्षण वेड उत्पन्न झाले. बाहेरून घरात येणारे वाणसामानदेखील धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. धुण्याची ही कथा लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. परंतु एका मोठ्या लेखिकेने आपल्या जीवनकथेच्या दारातच ही कथा मांडून ठेवावी, हा केवळ आठवणींचा योगायोग मानणे कठीण आहे.

येथे एक राजकीय उत्पात आहे. त्याने एका कुटुंबाच्या आयुष्यात मृत्यू आणला. ज्याच्यावर कोणाचाच ताबा नाही अशा या जगापुढे घरातील पुरुषाने एक उपाय शोधून काढला. जग आवरता येत नाही, तर निदान उंबरठा आवरावा. बाहेरचे जे जे आत येईल ते ते पाण्याखालून काढावे. हे सोवळे धर्माचे नव्हे, भयाचे होते, आणि त्या भयाला अंत नव्हता. कारण धुतलेली वस्तूही पुन्हा विटाळू शकते. या घरात वाढलेल्या मुलीला भयाचे पहिले उत्तर लहानपणीच पाहावयास मिळाले आणि त्या उत्तराचा जाच सगळ्या घराला सोसावा लागतो, हेही तिने पाहिले. पुढे तिच्यावर स्वतःवर संकट कोसळले, तेव्हा वडिलांचे हे उत्तर तिच्या रक्तात होते. ‘स्मृतिचित्रे’ची खरी कथा त्या उत्तराकडून दुसऱ्या उत्तराकडे झालेल्या प्रवासाची आहे. नारायण वामन टिळक हे त्या प्रवासाचे निमित्त आहेत. ते त्याचे नायक नव्हेत.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. त्यापूर्वीची त्यांची वर्षे भटकंतीची, अस्थिर नोकऱ्यांची आणि अखंड शोधाची होती. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. टिळकांच्या दृष्टीने धर्मांतर हा दीर्घ चिंतनाचा शेवट होता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने मात्र तो आघात होता. कारण त्या चिंतनात त्यांना भाग नव्हता. एकाच घटनेला दोन माणसांच्या आयुष्यात किती भिन्न रूपे येतात, हे या प्रकरणात दिसते. एकाला जो प्रकाश वाटतो, तो दुसऱ्याला घरावर कोसळलेला वणवा वाटतो. बदलाच्या स्वागताची भाषा बहुधा बदल करणाऱ्यांच्या तोंडी असते. ज्यांच्यावर तो येऊन आदळतो, त्यांची भाषा निराळी असते. मराठीतील सुधारणावादी वाङ्मयात पहिल्या प्रकारची भाषा विपुल आहे. दुसऱ्या प्रकारची भाषा इतक्या तपशिलाने प्रथम ‘स्मृतिचित्रे’त आली.

ही दुसरी भाषा समजून घ्यावयाची तर एका शब्दापाशी थांबावे लागते. धर्मांतराला त्या काळच्या मराठी घरात ‘बाटणे’ हा शब्द होता. अन्न बाटते, पाणी बाटते, भांडे बाटते आणि माणूसही बाटतो. या एका क्रियापदाने ईश्वरविषयक श्रद्धेतील बदल आणि स्वयंपाकघरातील विटाळ एकाच पातळीवर आणून ठेवला होता. टिळकांनी कोणता सिद्धांत मानला, याच्याशी त्यांच्या नातलगांना फारसे कर्तव्य नव्हते. त्यांच्या हातचे पाणी यापुढे चालणार नाही, हे खरे दुःख होते. पत्नीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की ज्याच्या पानात तिने वाढले, त्याच्या पंक्तीला तिला बसता येणार नाही. जिवंत नवरा असून त्याच्याशी सगळा स्पर्शव्यवहार तुटणार. हे वैधव्य नव्हे आणि सौभाग्यही नव्हे. या अवस्थेला समाजाने नाव दिलेले नव्हते. नाव नसलेल्या अवस्थेचे भय सर्वांत मोठे असते. लक्ष्मीबाईंचे त्या काळातील रडणे, खंगणे, जीव नकोसा होणे हे सगळे पुस्तकात आहे. ज्यांना त्या केवळ आनंदी स्वभावाच्या वाटतात, त्यांनी ही पाने पुन्हा वाचावीत.

पुढे काय घडले? एखाद्या कादंबरीकाराने येथून थेट हृदयपालटाकडे झेप घेतली असती. प्रत्यक्षात पाच वर्षे गेली. काही काळ नातलगांच्या आश्रयाने पंढरपूरसारख्या क्षेत्री राहणे, लहान मुलाला सांभाळणे, पतीची पत्रे, सासर-माहेरच्या माणसांचा ओढा, असे दिवस गेले. नंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे राहावयास गेल्या, पण आपले सोवळे सांभाळूनच. एकाच छपराखाली ख्रिस्ती पती आणि हिंदू पत्नी राहू लागली. स्पर्शाचे नियम तिने सोडले नाहीत आणि ते सोडावेत असा हट्ट त्यानेही धरला नाही. ‘पतिनिष्ठेने तारले’ हे उत्तर येथे कोसळते. निष्ठा हाच एकमेव आधार असता, तर हा मधला काळ असण्याचे कारण नव्हते. पती गेला त्या वाटेने पतिव्रतेने त्याच पावली जावयाचे असते. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. त्या पतीकडे गेल्या, पण त्याच्या धर्माकडे गेल्या नाहीत. या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या, आणि या वेगळेपणातच त्यांची स्वतंत्र बुद्धी प्रथम स्पष्ट दिसते.

मग एक रात्र येते. पुस्तकातील ही रात्र फार गाजावाजा न करता सांगितलेली आहे. म्हणूनच ती नजरेतून निसटण्याचा संभव असतो. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहतो. त्या अंथरुणात पडून त्याचा उलगडा करू लागतात. ग्रंथाधार त्यांच्यापाशी नाही. टिळकांना त्या विचारीत नाहीत. प्राण्यांच्या जाती आणि माणसांच्या जाती यांतला भेद डोळ्यांनी दिसतो का, अशा साध्या निरीक्षणाच्या आधारे त्या निर्णयाला पोहोचतात, की हा भेद मनुष्यकृत आहे. मग तो पाळण्याचे कारण उरत नाही. यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, असे त्या ठरवितात आणि तसे करतात. बाप्तिस्मा नंतर येतो, १९०० साली. क्रम असा आहे : आधी विचार, मग पाण्याचा पेला, मग धर्म.

या क्रमाकडे जितके लक्ष दिले जावे, तितके दिले गेलेले नाही. धर्मांतराच्या कथा साधारणपणे उलट क्रमाने सांगितल्या जातात. आधी साक्षात्कार होतो, मग आचार बदलतो. लक्ष्मीबाईंच्या कथेत भयाचा गड स्वयंपाकघरात होता, म्हणून तो तेथेच पडावा लागला. वडिलांनी ज्या उंबरठ्यावर पहारा बसविला होता, तो पहारा मुलीने स्वतःच्या हाताने उठविला. आणि हे तिने भय नाहीसे झाल्यावर केले नाही. दुसऱ्याच्या हातचे अन्न घशाखाली उतरताना जन्माचा संस्कार आड येतो. तो संस्कार एका रात्रीच्या तर्काने पुसला जात नाही. तर्काने एवढेच केले, की भयाचे समर्थन काढून घेतले. समर्थन गेलेले भय अंगात बाळगूनच तिने पेला तोंडाला लावला. पुढे रोजच्या व्यवहारात ते भय झिजून गेले. धैर्याची ही कल्पना वीरकथेतील धैर्याहून वेगळी आहे. येथे निर्धार आधी आणि निर्भयता नंतर येते. मधल्या काळात रोजची भाकरी असते.

भारतीय वाङ्मयातील इतर दोन-तीन कृतींशी तुलना केली असता या कल्पनेचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. बंगालीतील राससुंदरी देवींचे ‘आमार जीबन’ हे स्त्रीने लिहिलेल्या भारतीय आत्मकथनांत अगदी आरंभीचे. स्त्रीने अक्षर शिकणे हे पातक मानणाऱ्या काळात राससुंदरींनी चैतन्य भागवताचे एक पान आणि मुलाने गिरविलेले एक ताडपत्र स्वयंपाकघरात लपवून वाचनाची विद्या साधली. तेथेही स्वयंपाकघर हेच रणक्षेत्र आहे. तेथेही भय आहे. परंतु राससुंदरींना जे हवे होते, ते त्या स्वतः शोधीत होत्या. बदल त्यांच्या इच्छेतून निघाला होता आणि त्यांचे भय उघडकीस येण्याचे होते. लक्ष्मीबाईंना जे भोगावे लागले, ते त्यांनी मागितलेले नव्हते. न मागितलेल्या बदलाला आपलासा करणे ही निराळी आणि बहुधा अधिक अवघड साधना आहे.

मराठीतच रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आले. रमाबाईंनाही पतीने नव्या जगात नेले. इंग्रजी शिकण्यासाठी त्यांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा जो छळ सोसावा लागला, तो त्यांनी संयमाने सांगितला आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनच्या चहापानावरून जे ग्रामण्य उठले, त्याची झळही त्या घराला लागली आणि न्यायमूर्तींनी पुढे प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंच्या पुस्तकात पती हा सूर्य आहे; त्याच्या प्रकाशात सगळे भय सुसह्य होते आणि १९०१ साली तो मावळल्यावर पुस्तकही संपते. ‘स्मृतिचित्रे’तील टिळक मात्र सूर्य नाहीत. ते थोर आहेत, उदार आहेत, उतावळे आहेत, व्यवहाराला पारखे आहेत; घरात पैसा नसताना दुसऱ्याला देऊन टाकणारे आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्यावर प्रेम करतात, त्यांच्याशी भांडतात आणि त्यांना हसतातही. ज्याला हसता येते, त्याच्यामागे आंधळेपणाने जाता येत नाही. रमाबाईंच्या भक्तीचे मोल यामुळे उणावत नाही; परंतु स्थित्यंतरातील स्वतःचा धीर कसा असतो हे पाहावयाचे, तर लक्ष्मीबाईंकडे वळावे लागते.

तिसरी तुलना थोडी दूरची, तरी उपयुक्त आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ या १९६५ च्या कन्नड कादंबरीत एका अग्रहारातील बहिष्कृतप्राय ब्राह्मण मरतो. त्याचे दहन कोणी करावे हा प्रश्न पडतो आणि प्रेत पडून राहते. गावात प्लेग शिरतो. विद्वान प्राणेशाचार्यांचे सगळे आधार एकामागून एक गळून पडतात. ते गाव सोडून भटकतात आणि कादंबरी त्यांना निर्णयाच्या उंबरठ्यावर उभे करून संपते. विटाळाचे भय आणि साथीचे भय ही जोडी ‘स्मृतिचित्रे’तही आहे. नगरच्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या लक्ष्मीबाई पुस्तकाच्या उत्तरार्धात भेटतात. स्पर्शाला भिणाऱ्या घरातील मुलगी, ज्या स्पर्शात खरोखरच मरण आहे, तो स्पर्श करते. प्राणेशाचार्यांचा पेच बुद्धीचा आहे आणि कादंबरी त्याला खुला ठेवते; ते कलेच्या दृष्टीने योग्यच आहे. लक्ष्मीबाईंना पेच खुला ठेवण्याची सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायची होती, घरात सांभाळलेली पोरकी मुले जेवायची होती. वाङ्मयात अनिर्णयाला आज फार प्रतिष्ठा आहे. ज्यांना निर्णय टाळता येत नाही त्यांच्याही जवळ एक शहाणपण असते, याची आठवण ‘स्मृतिचित्रे’ करून देते.

आता एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. हे पुस्तक घटनांनंतर तीसपस्तीस वर्षांनी लिहिले गेले. तोवर जखमा भरून आल्या होत्या. लेखिका ख्रिस्ती समाजात स्थिरावली होती. टिळकांचे नाव महाराष्ट्राने आदराने स्वीकारले होते. अशा वेळी जुन्या दुःखाकडे हसून पाहणे सोपे असते. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’तील धीर हा त्या वेळचा नसून मागाहून चढविलेला रंग तर नव्हे?

आक्षेप वजनदार आहे आणि तो अंशतः मान्य केला पाहिजे. १८९५ ची लक्ष्मी असे हसली नसती. परंतु या हसण्याचे स्वरूप पाहिले, तर तो केवळ काळाने दिलेला उतारा वाटत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद दुःखाला लहान करीत नाही. तो दुःखात सापडलेल्या स्वतःला लहान करून पाहतो. त्या आपल्या भाबड्या समजुती, आपले रुसवे, आपली फजिती अशा तपशिलाने सांगतात, की त्या वेळचे भय आजच्या हसण्याखाली जसेच्या तसे दिसत राहते. मागाहून रंग चढविणारा लेखक आपल्या भूतकाळाला शहाणा करतो. लक्ष्मीबाईंनी आपल्या भूतकाळाला आपल्याहून अडाणी ठेवले. हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे आणि निवेदनकलेचे त्याहून मोठे लक्षण आहे. भोळ्या माणसाला आपला भोळेपणा दिसत नाही. ज्याला तो दिसतो आणि नेमक्या जागी ठेवता येतो, तो भोळा राहिलेला नसतो.

आणखी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या धीराला काही आधार होते. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, बहीण आणि नातलग यांनी पूर्ण पाठ फिरविली नाही, मिशनच्या निमित्ताने एक नवा समाज उपलब्ध होता. असे आधार नसलेल्या कितीतरी स्त्रिया त्याच काळात त्याच प्रकारच्या आघाताने नाहीशा झाल्या असतील, आणि त्यांची स्मृतिचित्रे कोणी लिहिली नाहीत. तसेच टिळकांच्या बेजबाबदारपणाला लेखिका ज्या सहजतेने क्षमा करते, ती आजच्या वाचकाला, विशेषतः वाचिकेला, खटकल्यावाचून राहत नाही. निर्णय एकाचा आणि त्याची किंमत दुसरीने द्यावयाची, हा अन्याय पुस्तकात आहे. पुस्तक त्याला अन्याय म्हणत नाही. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’वरून असा सिद्धांत काढणे धोक्याचे होईल, की येणारा प्रत्येक बदल स्वीकारावा आणि त्यातून आपोआप बळ मिळते. लक्ष्मीबाईंनी प्रत्येक गोष्ट स्वीकारली नाही. त्यांनी तपासली, अडवून धरली, पटली तेवढी घेतली. त्यांचे बळ स्वीकारात जितके आहे, तितकेच त्या पाच वर्षांच्या नकारातही आहे.

या संदर्भात पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. जोसेफिन इंकस्टर यांचा अनुवाद १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने आला. मागून चालत येणारी, असा त्या नावाचा अर्थ. पुढे शांता गोखले यांनी केलेला अनुवाद २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याने मूळ नाव राखले आणि त्याखाली एका तेजस्वी पत्नीच्या आठवणी अशा आशयाचे उपशीर्षक घातले. दोन नावांमध्ये ६७ वर्षांचे अंतर आहे. अनुगामिनी जाऊन तेजस्विनी आली, ही प्रगती आहे. पण पत्नी मात्र कायम राहिली. मूळ शीर्षकात पत्नी नाही. तेथे स्मृती आहे आणि चित्रे आहेत, म्हणजे आठवणारी आणि चितारणारी एक व्यक्ती आहे. लक्ष्मीबाईंनी पतीच्या नावाचा आधार घेऊन पुस्तकाचे बारसे केले नाही, ही साधी गोष्ट अनुवादाच्या प्रवासात दोनदा निसटली.

इंग्रजीची दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘सोवळे’, ‘विटाळ’, ‘बाटणे’ यांना त्या भाषेत शब्द नाहीत; शुद्धी-अशुद्धीचे जे पर्याय मिळतात, ते देवळातले आहेत, चुलीपाशी येत नाहीत. धर्मांतरासाठी जो इंग्रजी शब्द आहे, तो केवळ मत बदलल्याचे सांगतो. त्यात खरकट्या भांड्याचे भय नाही. त्यामुळे इंग्रजी वाचकाला लक्ष्मीबाईंची पाच वर्षे धर्मनिष्ठेची वाटतात. मराठी वाचकाला ती हातात पेला धरून थबकलेली वाटतात. भारतीय भाषांची स्थिती मात्र वेगळी आहे. कन्नडमध्ये ‘मडि’ आहे, आणि ते सोवळ्याचे सख्खे भावंड आहे. बंगालीत ‘शुचिबाई’ हा शब्द आहे; लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे अवघे चरित्र त्या एका शब्दात मावते, आणि तितका नेमका शब्द मराठीलाही सापडत नाही. बंगालीत माणसाची ‘जात जाते’, हिंदीत ‘धर्म भ्रष्ट’ होतो. तपशील भिन्न असला, तरी भयाचे घर तेच आहे. म्हणून या पुस्तकाची खरी भाषांतरे इंग्रजीपेक्षा भारतीय भाषांतच अधिक यशस्वी होण्याचा संभव आहे. अखिल भारतीय वाङ्मय अशी काही वस्तू असेल, तर ती अशा समान भयांच्या आणि समान धीराच्या शब्दांतूनच सिद्ध होईल.

बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील स्थित्यंतरे संपली नाहीत. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. पगाराचे निश्चित उत्पन्न गेले. १९१८ साली, ज्याला त्यांनी घरच्या मुलासारखे वागविले होते, त्या बालकवी ठोमरे यांचा अपघाती मृत्यू झाला. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील या विधवेने मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख पत्करली आणि पुढे मुलाच्या संसाराबरोबर ती त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीला गेली. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तिने पुढे चालविले. लिहिता-वाचता येण्यासाठी जिला इतके झगडावे लागले, तिच्या वाट्याला एका कवीचे अपुरे काव्य आले आणि तिने ते ओझे मानले नाही. या उत्तरकाळात भयाचा उल्लेख विरळ होत जातो. नवे गाव, नवी भाषा, नवी माणसे यांचे वर्णन कुतूहलाने केलेले आढळते. जे मन एकेकाळी दुसऱ्याच्या हातच्या पाण्याला भ्याले होते, ते आता अनोळखी शहराची गंमत पाहते.

‘स्मृतिचित्रे’चे वाङ्मयीन महत्त्व या दृष्टीने नव्याने ठरवावे लागेल. भाषेचा सहजपणा हा तिचा गुण आहे. परंतु तो शोभेचा गुण नव्हे. जे मन विटाळाच्या कल्पनेतून मुक्त झाले, त्या मनाची ती भाषा आहे. ग्रंथभाषेचे सोवळे नेसून लिहिणाऱ्यांच्या काळात लक्ष्मीबाईंनी घरातली, अंगणातली, बाजारातली भाषा निःसंकोचपणे पानावर आणली, आणि कोणता शब्द कोणाच्या ओट्यावरून आला हे विचारले नाही. त्यांच्या आचारातील आणि शैलीतील हा मोकळेपणा एकाच मुळातून आलेला आहे. समीक्षेने आजवर शैलीचे कौतुक केले आणि आचाराचा आदर केला. दोहोंचे मूळ एक आहे, हे क्वचित सांगितले. ते सांगितले म्हणजे लक्ष्मीबाई भोळ्या राहत नाहीत. आपल्या काळातील सर्वांत कठीण प्रश्नाचा स्वतःच्या बुद्धीने विचार करणाऱ्या आणि त्याचे उत्तर आधी जगून मग लिहिणाऱ्या लेखिका म्हणून त्यांचे स्थान निश्चित होते. त्यांच्या पुस्तकाची पुढील भाषांतरे आणि विवेचने या स्थानापासून सुरू झाली, तर त्या रात्रीच्या प्रश्नाला आणि सकाळच्या पेल्याला न्याय मिळेल.